आत रोल आहे का?

कॅमेऱ्यात रोल आहे की नाही हे कॅमेरा उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडल्यावर जो रोल सापडतो तो कामाचा राहत नाही. फिल्मचे कॅमेरे बाळगणाऱ्या माणसाचं हे मूळ दुःख. बाकीची दुःखं, म्हणजे हजाराच्या घरात गेलेली रोलची किंमत, पावसाळ्यात लेन्सला धरणारी बुरशी आणि "फोनमध्ये काय वाईट येतात?" असं विचारणारे पाहुणे, ही सगळी त्याच्यानंतरची.

यावर जाणकार एक उपाय सांगतात. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला रोल परत गुंडाळायची कळ असते. ती हलक्या हातानं फिरवून बघायची. अडली तर आत रोल आहे. नुसतीच गरगर फिरली तर कॅमेरा रिकामा. उपाय अगदी बरोबर आहे. फक्त 'हलक्या हातानं' आणि 'अडली तर' यांच्या मधोमध माणसाचा स्वभाव येतो. माझा मेव्हणा अडलेल्या कुठल्याही वस्तूला जोर लावतो. "गंजलीय भाऊजी, तेल सोडा," असं म्हणत त्यानं ती कळ एकदा अशी काही फिरवली की आतल्या रोलच्या कडेची भोकं सलग फाटून एक लांबच लांब फट तयार झाली. "बघा, सुटली!" असंही वर म्हणाला.

एकच कॅमेरा असता तर हे सगळं निभावलं असतं. पण एकच फिल्म कॅमेरा असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पहिला वडिलांच्या कपाटात सापडतो. दुसरा त्याला सोबत म्हणून येतो. तिसरा 'फारच स्वस्तात मिळत होता' म्हणून येतो. चौथ्यापासून कारणं देणं बंद होतं आणि कॅमेरा पिशवीत कोथिंबिरीखाली बसून घरात शिरतो. माझ्याकडे एकूण किती आहेत हा आकडा विचारणाऱ्यावर ठरतो. मेव्हण्याला सांगतो तेव्हा तो वाढतो आणि हिला सांगतो तेव्हा घटतो. खरा आकडा या दोघांनी मिळून बेरीज-वजाबाकी केली तर निघेल, म्हणून मी दोघांना फार वेळ एकत्र बोलू देत नाही.

या मंडळींची ओळख करून देणं भाग आहे, कारण फोटो मोजायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. सगळ्यात थोरला वडिलांचा आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला. रोल १२० नंबरचा, फोटो बाराच. पाठीवर लाल रंगाची बारीक खिडकी असते, तिच्यातून रोलच्या कागदावरचा आकडा दिसतो. आपण कितवा फोटो काढतोय, मुळात आत रोल आहे का, हे तो तोंडावर सांगतो. घरातला सगळ्यात प्रामाणिक कॅमेरा हा. म्हणूनच बहुधा तो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो.

दुसरा झेनिट-ई, रशियन. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर घेतला. गळ्यात घातला की मान आपोआप झुकते. लोकांना वाटतं माणूस नम्र आहे. त्याची फोटो मोजायची तबकडी रोल घालताना आपल्या हातानं शून्यावर आणावी लागते. आणली तर आकडा खरा, नाहीतर तो मागच्या रोलची परंपरा पुढे चालवतो. माझ्या झेनिटमधले बहुतेक रोल एकोणीसपासून सुरू होतात. तिसरा यशिका इलेक्ट्रो ३५, मूळचा १९६६ सालचा अवतार. याची सोय अशी की पाठीचं झाकण उघडलं की आकडा आपोआप शून्यावर जातो. म्हणजे आत रोल आहे का बघायला झाकण उघडलं, की फोटोही जातात आणि किती फोटो गेले याचा पुरावाही जातो. गुन्हा आणि साक्षीदार एकाच खटक्यात संपवणारं असं यंत्र जपान्यांनी कुठल्या मनःस्थितीत बनवलं असेल?

सगळ्यात धोकादायक ऑलिम्पस पेन. १९५९ साली हा कॅमेरा आला तो काटकसरीचं तत्त्व घेऊन: एका फोटोच्या जागेत दोन फोटो. छत्तीसच्या रोलमध्ये बहात्तर! हे ऐकून कुठल्याही मराठी मध्यमवर्गीय माणसाचे डोळे पाणावतील. माझेही पाणावले. पण बहात्तर फोटो संपवायचे कधी? त्या कॅमेऱ्यातला रोल धुऊन आला तेव्हा त्यात गणपती होता, दिवाळी होती, मग पुन्हा गणपती होता, आणि दोन गणपतींच्या मध्ये शेजारचा एक मुलगा हाफ पँटमधून फुल पँटमध्ये गेलेला होता. याशिवाय पेंटॅक्स के १००० आहे, मुलाच्या मुंजीतला कोडॅक केबी १० आहे, हिच्या माहेरून आलेला यशिका एमएफ-२ आहे. हे शेवटचे दोघे माझ्या लेखी कॅमेरेच नाहीत. तरी रोल त्यांच्यातूनही निघतात.

आता कुणी म्हणेल, रोल धुतल्यावर फोटो बघून कळतंच की तो कुठला! इथं मला माझं गाव आडवं येतं. मी राहतो भिवपुरीला. म्हणजे भिवपुरी रोड स्टेशनजवळ. नेरळ गेलं की आणि कर्जत यायच्या आधी जे स्टेशन लागतं ते. खरी भिवपुरी इथं नाहीच. ती कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, जिथं टाटांचं वीजघर आहे. वरच्या ठोकरवाडीच्या धरणातलं पाणी घाटावरून नळांतून खाली आणून १९२२ सालापासून तिथं वीज तयार होते आणि मुंबईला जाते. पण स्टेशनावर पाटी भिवपुरीची आहे, त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी इथं उतरून वीजघर कुठे म्हणून विचारतं, आणि रिक्षावाला त्याच्याकडे अपार मायेनं बघतो. पाटी एक आणि आत दुसरंच, ही गोष्ट आमच्याकडे रेल्वेपासून चालत आलेली आहे. माझ्या कॅमेऱ्यांना एकट्यांना कशाला बोल लावायचा?

तर गावाचा मुद्दा. इथं फोटो काढण्याजोगं पुष्कळ आहे. मागे माथेरानची भिंत आणि गारबेटचा कडा. पावसाळ्यात आषाण्याचा धबधबा, आणि तिकडे जायला बंदी असल्याचा फलक वाचून धबधब्याकडेच निघालेली तरुण पिढी. वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्यातून शेतांत फिरतं, त्यामुळे कर्जतच्या कित्येक गावांत उन्हाळ्यातही भात उभं असतं. मे महिन्यात हिरवंगार शिवार, आणि त्यात बगळा! या बगळ्यानं माझं नुकसान केलं. तो इतका सोयीस्कर उभा राहतो की माझ्या प्रत्येक रोलमध्ये तो आहे. लेन्स लहान पडते, म्हणून फोटोत तो ठिपक्याएवढा येतो. नंतर म्हैस येते. मग झेनिटच्या पट्ट्याशी खेळणारा मेव्हणा येतो. बगळा, म्हैस, मेव्हणा. कुठलाही रोल उचला, क्रम हाच. कुठला कॅमेरा, कुठलं साल, कुठला महिना, यातलं काही म्हणजे काही या पुराव्यावरून सिद्ध होत नाही. मेव्हण्याचं पोट बघून साल ठरवायचा प्रयत्न केला, पण ते मध्ये एकदा कमी होऊन पुन्हा वाढल्यामुळे तोही घोटाळा झाला.

मग पद्धती सुरू झाल्या. पहिली पद्धत स्मरणशक्ती. तिच्याविषयी फार लिहिण्याचं कारण नाही, कारण आता आठवत नाही.

दुसरी पद्धत कंपन्यांनीच दिलेली. काही कॅमेऱ्यांच्या पाठीवर एक छोटी चौकट असते. रोल ज्या कागदी खोक्यातून येतो त्याचं झाकण फाडायचं आणि त्या चौकटीत खोचायचं. आत काय आहे याची पाटी तयार. उत्तम सोय. तिची एकच अट: नवा रोल घालताना जुनी पाटी काढायची. माझ्या एका कॅमेऱ्याच्या पाठीवर मी विकत घेतला तेव्हापासून ओर्वोची पाटी आहे. ओर्वो म्हणजे पूर्व जर्मनीची फिल्म. एके काळी आपल्याकडे कृष्णधवल फोटो काढणाऱ्यांना ओर्वो नाहीतर उटीच्या सरकारी कारखान्यातली इंदू हाच आधार होता. तो पूर्व जर्मनी देशच १९९० साली नकाशावरून गेला. सरकार गेलं, सरहद्द गेली, पाटी मात्र शाबूत आहे. ती काढवत नाही. एवढा देश जिला सोडून गेला तिला आपण कसं उपटायचं?

पुढच्या काळात कंपन्यांनी यावर कायमचा तोडगा काढला होता, हेही सांगायला हवं. १९८३ पासून रोलच्या डबीवर चंदेरी-काळे चौकोन यायला लागले, ते वाचून कॅमेरा स्वतःच ओळखू लागला की फिल्म शंभरची की चारशेची. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या पाठीला उभी खिडकी आली. तिच्यातून आतल्या डबीवरचं नाव सरळ वाचता येतं. रोल संपला की मोटर आपणच तो गुंडाळते. सगळे प्रश्न मिटले, आणि थोड्याच वर्षांत लोकांनी फिल्मच सोडून दिली. असे कॅमेरे आज जुन्या बाजारात कवडीमोल मिळतात. एक घेतला की माझी सारी विवंचना संपेल. पण ते प्लॅस्टिकचे असतात. त्यांना 'जीव' नसतो, असं आम्ही शौकीन लोक म्हणतो. ज्याला जीव आहे तो कॅमेरा दर पावसाळ्यात आजारी पडतो, हे आम्ही म्हणत नाही.

तिसरी पद्धत चिकटपट्टी. प्रत्येक कॅमेऱ्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावायची आणि तिच्यावर पेनानं लिहायचं: 'रंगीत ४००, ७ जून'. सात जूनचा मुहूर्त मी निवडला. पुढे आठवड्याभरात पाऊस लागला. आमच्याकडचा पाऊस खिडकीतून, दारातून, छत्रीतून आणि अधूनमधून भिंतीतून येतो. त्यानं शाई धुतली, ४०० चे ०० केले आणि 'रंगीत'मधला 'रंग' तेवढा उडवला. शिवाय मी जुनी पट्टी न काढता तिच्यावर नवी लावत गेलो, त्यामुळे झेनिट थोडा उंच झाला. मुलानं एकदा त्या पट्ट्या एकेक करून सोलल्या. "बाबा, तुमचा कॅमेरा म्हणजे उत्खननच आहे," म्हणाला. सगळ्यात खालच्या थरात भाजीची यादी निघाली.

चौथी पद्धत वही. मराठी माणसाला एकदा वही मिळाली की अर्धं काम झाल्याचं समाधान मिळतं. मी लांबट आकाराची वही आणली. पहिल्या पानावर वर 'श्री' काढलं. पट्टीनं रकाने आखले: कॅमेरा, रोल, वेग, घातल्याची तारीख, कितवा फोटो, कशाचा, काढल्याची तारीख, धुवायला दिल्याची तारीख, शेरा. निळ्या शाईत रंगीत, काळ्या शाईत कृष्णधवल, हिरव्या शाईत शेरे. हे करता करता संध्याकाळ झाली आणि उजेड गेला, त्यामुळे त्या दिवशी फोटो काढता आले नाहीत. पण वही इतकी सुरेख झाली होती की मी तिचाच फोटो काढला. तो कुठल्या कॅमेऱ्यानं काढला याची नोंद मात्र वहीत नाही.

वही नेहमी जिथं कॅमेरा नाही तिथं असते. कॅमेरा शेतात, वही घरात. वही बरोबर घेतली तर पेन घरात. ही म्हणाली, "अहो, मी दुधाचा हिशेब कसा ठेवते? भिंतीवर. भिंत कुठे जात नाही." म्हणून पाचवी पद्धत कालनिर्णय. १९७३ पासून मराठी संसाराचे सगळे हिशेब ज्या चौकोनांत मावले, त्यांत माझे चार आकडे मावायला काय हरकत होती? मी लिहू लागलो: 'झे १२', 'ऑ ५०', 'पें ३६'. त्याच चौकोनांत तिचे आकडे होते: '१', '१½', '२'. महिनाअखेरीला दूधवाल्याचा मुलगा हिशेबाला आला आणि बराच वेळ कॅलेंडरसमोर उभा राहिला.

"काकू, चौदा तारखेला पन्नास लिटर घेतलं?"

"छे रे! पन्नास लिटर काय करायचंय?"

"लिहिलंय ना इथं. आणि संकष्टीला छत्तीस."

प्रामाणिक मुलगा म्हणून वाचलो. माझ्या बाजूनंही गडबड होतीच. '१½' हा आकडा ऑलिम्पसच्या अर्ध्या फोटोचा असणार असं धरून मी तो महिनाभर इमानानं वहीत चढवत होतो. त्या महिन्यात ऑलिम्पसमध्ये फोटोंपेक्षा दूध जास्त होतं.

मग मुलगा मदतीला धावून आला. त्यानं फोनमध्ये तक्ता करून दिला. "कॅमेऱ्यात रोल घातला की इथं टाकायचं, बस." शिवाय आणखी एक युक्ती शिकवली: रोल घालताना डबी आणि कॅमेरा शेजारी ठेवून फोननं एक फोटो काढायचा. म्हणजे तारीख, वेळ, जागा, सगळं आपोआप नोंदलं जातं. ही पद्धत चालली. इतकी चालली की फोन भरला. त्यात कॅमेऱ्यांचे शेकडो फोटो झाले, आणि ते फार छान आले होते. रंग, उजेड, बारकावे, सगळं. "बाबा, तुमचे हे फोटो खरंच चांगले आहेत," मुलगा म्हणाला. "मग त्या कॅमेऱ्यांनी काय करायचं?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी फोन चार्जिंगला लावला.

कॅमेऱ्याबाहेर आलेल्या रोलचा प्रश्न याहून वेगळा. रोल ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत येतो ती डबी आपल्या घरांत टाकून देत नाहीत. तिला घट्ट झाकण असतं, आत ओल शिरत नाही. तिच्यात हळद राहते, कुंकू राहतं, वेलची, केशर, बटणं, टाचण्या, आजोबांच्या गोळ्या, सगळं राहतं. फक्त रोल राहत नाही. आमच्याकडे काढलेले रोल फ्रिजच्या दारात असतात आणि वेलचीही फ्रिजच्या दारात असते. दोन्हींच्या डब्या एकाच रंगाच्या. मी भिवपुरीहून कर्जत लोकलनं दोन तास हिंदकळत मुंबईला गेलो, फोर्टात बोरा बाजारापर्यंत चालत गेलो आणि रोल धुऊन देणाऱ्याच्या टेबलावर तीन डब्या ठेवल्या. त्यानं पहिली उघडली, हुंगली आणि मान वर केली.

"काका, ही धुवायची की कुटायची?"

त्याच दिवशी घरी खीर होती. हिनं डबी उघडली आणि खिरीवर आतलं सगळं उपडं केलं. रोल बुडाला नाही. खिरीवर तरंगला, अशी साक्ष मेव्हण्यानं दिली. त्या दिवसापासून मी रोल तांदळाच्या डब्यात ठेवायला लागलो. तांदूळ ओल शोषतो हे शास्त्र आहे, आणि आमच्या तालुक्याला तांदूळ काही कमी नाही; कर्जतच्या भात संशोधन केंद्रानं काढलेल्या जाती राज्यभर पेरतात. पुढे तांदूळ निवडताना खड्यांबरोबर रोलही निघायला लागले. "हा कर्जत-तीनमधला खडा बघा," म्हणून ही एकेक रोल माझ्या ताटाशेजारी ठेवायची.

रोल कॅमेऱ्यात अडकणं हा यातला करुण भाग. अंधाऱ्या पिशवीत हात घालून तो सोडवायचा असतो. पिशवी माझ्याकडे आहे, पण त्या दिवशी ती सापडेना, म्हणून गोधडी घेतली. मे महिन्याची दुपार, पंख्याची वीज गेलेली. वीज तालुक्याच्या एका टोकाला तयार होते तरी वादळात फांदी कुठल्याही टोकाला पडते. मी दारं लावून डोक्यापासून पायापर्यंत गोधडी ओढली, आणखी एक गोधडी वर घेतली आणि आत झेनिटची पाठ उघडली. नेमके तेव्हाच हिच्या माहेरचे पाहुणे आले.

"भाऊजींना बरं नाही का?"

"बरे आहेत."

"मग हे... थंडी वाजतेय का?"

"नाही. रोल अडकलाय."

थोडा वेळ शांतता. मग एका वयस्कर बाईंचा हळूच आवाज आला: "डॉक्टर काय म्हणतात?"

अशा वेळी थोरामोठ्यांची चरित्रं धीर देतात. अमेरिकेतले गॅरी विनोग्रँड १९८४ साली वारले तेव्हा त्यांच्यामागे अडीच हजारांच्या आसपास न धुतलेले रोल निघाले. शिकागोत लहान मुलं सांभाळणाऱ्या व्हिव्हियन मायर यांच्या खोक्यांतून शेकडो न धुतलेले रोल बाहेर आले. ते सामान साठवणीचं भाडं थकलं म्हणून २००७ साली लिलावात गेलं होतं, आणि त्या रोलमधल्या फोटोंनी पुढे जगभर नाव झालं. मी ही हकिगत हिला मोठ्या आशेनं सांगितली.

"त्यांना त्यांचे फोटो बघायला मिळाले का?" तिनं विचारलं.

"नाही, पण—"

"मग तांदळाचा डबा तेवढा मोकळा करा."

उलट उदाहरणही आहे. कोडॅकनं कोडाक्रोम ही फिल्म २००९ साली बंद केली तेव्हा शेवटचा रोल स्टीव मकरी यांना दिला. छत्तीस फोटो. त्यांनी ते जगभर हिंडून, मुंबईतही येऊन, एकेक विचार करून काढले आणि रोल स्वतः कॅन्ससला नेऊन धुवून घेतला. त्यांना तो रोल कुठल्या कॅमेऱ्यात आहे हे शेवटपर्यंत माहीत होतं! इतका आत्मविश्वास मला अनैसर्गिक वाटतो. रोलमधले उरलेले फोटो संपवायला त्यांनी गॅसच्या सिलिंडरचा फोटो काढला असेल का? आम्ही काढतो. तेहतीस झाले, तीन उरले, आणि रोल तर उद्या द्यायचा आहे. मग सिलिंडर, मग तुळस, मग मेव्हणा. आमच्या वाडीतली पोरं लांबून ओळखतात. "काका, रोल संपवताय का?" म्हणून ओळीनं उभी राहतात. आणि मग छत्तीसच्या पुढे सदतीसावा, अडतीसावा निघतो का याची लालूच सुटत नाही. तो अडतीसावा म्हणजेच मेव्हण्यानं मागाहून कळ पिळून सोडवलेला.

एकदा वापरलेला रोल पुन्हा दुसऱ्या कॅमेऱ्यात गेला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीवर धबधबा कोसळला. गणपतीच्या सोंडेतून पाणी, ढोलवाल्याच्या डोक्यावर बगळा. मी म्हटलं, "ही कला आहे. दादासाहेब फाळक्यांनी असेच चमत्कार पडद्यावर दाखवून लोकांना थक्क केलं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता!"

"त्यांनी ते मुद्दाम केलं होतं," ही म्हणाली.

मी सोडलं नाही. "आणि त्यांच्या घरात सरस्वतीबाई होत्या. फिल्मला अंधारात भोकं पाडायच्या, रसायनं कालवायच्या, फिल्म धुवायच्या, वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. म्हणून 'राजा हरिश्चंद्र' झाला."

"त्यांच्या नवऱ्याकडे कॅमेरे किती होते?"

फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून आणला तो एकच, विल्यमसन कंपनीचा. हे मला माहीत होतं. मी चहा गाळायला घेतला.

पण सरस्वतीबाईंचा दाखला वाया गेला नाही. हिनं दुसऱ्या दिवशी भाजीच्या जुड्यांचे रबर काढून ठेवलेला वाडगा घेतला आणि सगळे कॅमेरे जमिनीवर ओळीनं मांडले. कोथिंबिरीखालून आलेलेही निघाले. त्यावर ती काही बोलली नाही, फक्त एकदा मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. मग नियम सांगितला. "आत रोल असेल तर कॅमेऱ्याला रबर. नसेल तर नाही. लाल रबर रंगीतला, काळा कृष्णधवलला. रोल बाहेर आला की तोच रबर रोलला. धुऊन आला की रबर माझ्या वाडग्यात परत. रबर परत आल्याशिवाय नवा रोल नाही." संपलं. ना वही, ना रकाने, ना हिरवी शाई. इतकी कंगाल पद्धत चालेल यावर माझा विश्वास नव्हता. ती पावसाळाभर चालली.

आणि तिथंच पंचाईत झाली. सगळे रोल वेळेवर संपले, वेळेवर धुतले गेले, कुठला कुठल्या कॅमेऱ्यातला हे दर वेळी कळलं. बोरा बाजारातला माणूसही हिरमुसला. "काका, यंदा काहीच घोटाळा नाही?" सगळे फोटो टेबलावर पसरून मी पहिल्यांदाच नीट बघितले. बगळा. म्हैस. मेव्हणा. तेव्हा लक्षात आलं की घोटाळा होता तोवर किती बरं होतं! कुणी विचारलं, "चांगले फोटो कुठे आहेत?" तर सांगता यायचं, "ते दुसऱ्या रोलमध्ये." तो दुसरा रोल सापडत नव्हता, म्हणून मी बरा फोटोग्राफर होतो. हिशेब लागला आणि बगळ्याचा फोटोग्राफर उरलो. व्यवस्थितपणाचे हे तोटे कुणी आधी सांगत नाही. माझ्या ओळखीत एकजण आयुष्यभर म्हणायचे, 'वेळ मिळाला असता तर गायक झालो असतो'. निवृत्त झाले, वेळ मिळाला. आता शेजारी त्यांना कुठेतरी कामाला लावायच्या खटपटीत आहेत.

दिवाळीची साफसफाई निघाली तेव्हा फराळाच्या डब्यांमागे एक काळी डबी सापडली. हलवून बघितली, वेलची वाजत नव्हती. उघडली तर रोल. जीभ पूर्ण आत गेलेली, म्हणजे फोटो काढून झालेले. रबर नाही, पट्टी नाही, वहीत नोंद नाही. कुठल्या कॅमेऱ्यातला, कुठल्या सालचा, कुणालाच सांगता येईना. मी तो हळूच देवघराच्या कोनाड्यात ठेवला.

"हा धुवायला नाही टाकायचा?" हिनं विचारलं.

"नाही."

"त्यात काय आहे?"

"माझे सगळ्यात चांगले फोटो आहेत त्यात."

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. वाद घालेल असं वाटलं होतं, पण तिनं नुसता हात पुढे केला. "असू देत. डबी तेवढी द्या, वेलचीची आहे."